ऑफ तास कुठे गेला?

शाळांमधल्या ताणतणावावर हल्ली जो काही उपाय निघतो, त्याचा शेवट बहुधा गूगल फॉर्मने होतो. शिक्षकांसाठी तणावमुक्तीची कार्यशाळा घ्या, तिचे पाच फोटो काढा, हजर असलेल्यांच्या सह्या घ्या, लिंकवर माहिती भरा, आणि हे सगळं 'आज दुपारी चारपर्यंत, अत्यंत तातडीचे'. मुलांसाठी समुपदेशनाचं सत्र घ्या, तेही नेमकं वार्षिक परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात, आणि त्याचा अहवाल पाठवा. कार्यशाळेला येणारे वक्ते भले असतात. दीर्घ श्वास घ्यायला शिकवतात. पण डोळे उघडले की तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता तिथेच असतो, आणि तो तपासायला ठेवलेले दोन तास मात्र सभागृहात गेलेले असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. शाळेतला ताण हा कुणाच्या मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्न नाही, तो तासांचा प्रश्न आहे. शिक्षकाच्या दिवसातून शिकवण्याचा वेळ काढून घेतला जातो, शिक्षक तो मुलांच्या दिवसातून वसूल करतो, आणि मुलं तो झोपेतून भरून देतात. कुणीतरी अधिकाराने कामं कमी करत नाही तोवर समुपदेशन, योगासनं, आनंददायी शनिवार (शनिवारी मुलांसाठी उपक्रम घेण्याचा शासनाचा कार्यक्रम) ही सगळी त्याच यादीत वाढलेली कामं ठरतात. आनंददायी शनिवारची कल्पना मला स्वतःला आवडते. फक्त त्या शनिवारचा अहवाल सोमवारी मागू नका.

मी पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत माध्यमिक वर्गांना शिकवते. आमच्याकडे पस्तीस मिनिटांच्या आठ तासिका असतात. त्यातल्या साधारण सहा शिकवायच्या आणि दोन मोकळ्या. या मोकळ्या तासिकेला स्टाफरूममध्ये 'ऑफ तास' म्हणतात. बाहेरच्यांना वाटतं, या वेळात मास्तर लोक चहा पितात. पितातच. पण ऑफ तास असतो तो वह्या तपासायला, पुढच्या धड्याचं टाचण काढायला, पहिल्या तासाला रडवेली दिसलेल्या मुलीला बाजूला घेऊन 'काय झालं गं?' असं विचारायला. हिशेब करून बघा. चार वर्ग, प्रत्येकी पन्नास मुलं, म्हणजे दोनशे वह्या. एका वहीला तीन मिनिटं दिली तरी दहा तास होतात. आठवड्यातले सगळे ऑफ तास हाती लागले तरी जेमतेम सात तास भरतात. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी वह्या पिशवीत घालून घरी न्याव्या लागतातच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला ४५ तास धरलेत, आणि ते तयारीच्या वेळासकट धरलेत. तयारी हे कामच आहे, हे कायद्याने मान्य केलं आहे. वेळापत्रकाने मात्र अजून केलेलं नाही.

आणि सगळं सुरळीत चालतं कधी? सकाळी पर्यवेक्षक प्रॉक्सीची, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर दुसऱ्या कुणाला पाठवायचं त्याची, वही घेऊन स्टाफरूममध्ये येतात तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम खाली जातात. एक जण प्रशिक्षणाला, एक बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदारयादीच्या कामाला, एक बाळंतपणाच्या रजेवर आणि तिच्या जागी कुणीच नाही. ऑफ तास तिथे संपतो. उरलाच तर तो शासनाच्या पोर्टलवर मुलांची माहिती भरण्यात जातो.

या पोर्टलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण शाळेबाहेरच्या माणसाला त्यातली गोम कळत नाही. 'माहितीच तर भरायची, त्यात एवढं काय?' असं लोक विचारतात. शाळेला किती शिक्षक मंजूर, हे संचमान्यतेने ठरतं. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि पटावरच्या मुलाचं आधार जुळलं तरच ते मूल हिशेबात धरलं जातं. आता मुंबईतल्या एखाद्या वस्तीतली मुलगी घ्या. जन्मदाखल्यावर नाव एक, आधारवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, वडिलांचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये गावच्या पद्धतीने. पोर्टल सांगतं, जुळत नाही. मूल रोज वर्गात येतं, पहिल्या बाकावर बसतं, हात वर करून उत्तरं देतं. पण पोर्टलच्या लेखी ते नाही. मग वर्गशिक्षिका वडिलांना फोन लावते. पलीकडून उत्तर येतं, "मॅडम, परवाच खाडा करून गेलो होतो, सर्व्हर डाउन होता. आता पुढच्या आठवड्यात बघतो." त्याचंही खरं आहे. आधार केंद्रावर टोकन घेऊन उभं राहायचं म्हणजे त्याची दिवसाची मजुरी जाते. इकडे तारीख जवळ येत असते. अशी पाच-सात मुलं राहिली तर एखादं पद कमी होऊ शकतं, आणि पद कमी झालं की कुणीतरी 'अतिरिक्त' ठरतं. अतिरिक्त म्हणजे समायोजन, म्हणजे दुसरी शाळा, तीही कुठल्या टोकाला कोण जाणे. एका स्पेलिंगवर माणसाची नोकरी टांगलेली असते आणि ते स्पेलिंग दुरुस्त करणं वर्गशिक्षिकेच्या हातात नसतं. वास्तविक हे काम लिपिकाचं. पण कित्येक शाळांत लिपिकाची जागा रिकामी आहे, आणि जिथे लिपिक आहे तिथे पगारबिलं आणि दाखले यांतून तो डोकं वर काढत नाही.

यावर कुणी म्हणेल, कामं कुठे नसतात? बँकेत नसतात का, हॉस्पिटलात नसतात का? असतात. पण माणसाला संपवून टाकतं ते नुसतं कामाचं ओझं नसतं. जबाबदारी आपली आणि अधिकार दुसऱ्याचा, अशा कामाने माणूस आतून वाळत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम आहे, असं म्हटलं. त्याची तीन लक्षणं दिली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. म्हणजे दुरुस्ती व्यक्तीइतकीच, खरं तर व्यक्तीच्याही आधी, कामाच्या जागेची करायला हवी. आपण मात्र माणसाला श्वास घ्यायला शिकवतो आणि जागा आहे तशीच ठेवतो.

तिसऱ्या लक्षणाबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला भीती दुसऱ्या लक्षणाची, मन तुटण्याची, वाटते. एखादी बाई आधी मुलांना नावाने हाक मारत असते, कुणाचा डबा आला नाही ते तिला मधल्या सुट्टीत न सांगता कळत असतं, कुणाचा बाप दारू पितो आणि कुणाच्या घरी आजी वारली हे तिला ठाऊक असतं. दोन-तीन वर्षांत तीच बाई हजेरी क्रमांकाने हाक मारायला लागते. 'सतरा, उभा राहा.' ती वाईट शिक्षिका झालेली नसते. तिने फक्त आपल्यापुरतं काहीतरी बंद करून घेतलेलं असतं, म्हणजे दिवस निभावतो. पण सतरा नंबरच्या मुलाला हे कसं कळावं? त्याला एवढंच कळतं, की बाई आता आपल्याकडे बघत नाहीत.

निवडणुकीच्या कामावर शिक्षक फार रडतात, असा एक आरोप असतो. त्यात थोडं तथ्य आहे. ड्युटी रद्द करून घेण्यासाठी मेडिकल सर्टिफिकेट मिळवण्यात काही जण चांगलेच तरबेज असतात. पण मुंबईत हे काम आता पाच वर्षांतून एकदा येणारं राहिलेलं नाही. मे २०२४ मध्ये लोकसभा, नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा, जानेवारी २०२६ मध्ये महापालिका, आणि या सगळ्यांच्या आगेमागे मतदारयादी. जानेवारी हा दहावीच्या पूर्वपरीक्षेचा महिना. त्याच महिन्यात गणिताचे सर प्रशिक्षणाला, मग मतदान केंद्रावर, मग दुसऱ्या दिवशी डोळे चोळत वर्गात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं, की जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. 'सोडून' म्हणत ठेवलेल्या या फटीतूनच वर्षभराचं काम आत येतं. खरं तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्येच याची मर्यादा घालून दिली होती: मतदारयादीचं आणि निवडणुकीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं, शिकवण्याच्या दिवशी शिकवण्याच्या वेळात सहसा देऊ नये. हा निकाल आमच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर लॅमिनेट करून ठेवायला हवा. कारण व्यवहारात उलटंच असतं. मतदारयादीच्या कामात कसूर झाली तर १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात थेट कैदेची तरतूद आहे. दहावीचा पोर्शन अर्धा राहिला तर त्यासाठी तशी तरतूद कुठल्याच कायद्यात नाही. मग माणूस आधी कुठलं काम करेल?

निवडणुका घ्यायच्या कुणी, हा प्रश्न रास्त आहे. पण १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने विद्यापीठं, सरकारी कंपन्या, सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्था यांचेही कर्मचारी मागवता येतात, आणि अशा कार्यालयांचा मुंबईत दुष्काळ नाही. शिक्षक सोपे पडतात. संख्येने भरपूर, लिहिता-वाचता येणारे, मुख्याध्यापकाला एक पत्र धाडलं की एकगठ्ठा मिळणारे, आणि शाळा बंद राहिली तरी ज्यांची खिडकीवर रांग लागत नाही असे. बँकेचा काउंटर दोन दिवस बंद राहिला तर बोंब होते. सातवी ब चा इतिहास दोन आठवडे राहिला तर कुणी विचारतसुद्धा नाही.

वरून येणाऱ्या फर्मानांचा तर स्वतंत्र इतिहास लिहिता येईल. गळती थांबवण्यासाठी शिक्षकांनी दर आठवड्याला मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून अपलोड करावा, असा आदेश २०१६ साली निघाला होता. ओरड झाली आणि तो बासनात गेला. २०२२ मध्ये वर्गात शिक्षकांचे ए-फोर आकाराचे फोटो लावायला सांगितले. २०२४ मध्ये शिक्षकांच्या पेहरावावर परिपत्रक आलं. यातलं एकेक बघितलं तर किरकोळ आहे, हसून सोडून देण्यासारखं. पण प्रत्येकामागे एक बैठक, एक अहवाल, एक स्मरणपत्र असतं. आणि सगळ्यांत बोचतं ते हे, की यातलं एकही फर्मान शिक्षकाला विचारून निघालेलं नसतं.

आता सुट्ट्यांचा आणि पगाराचा मुद्दा. 'सातवा वेतन आयोग घेता, दिवाळी-मे महिना घरी बसता, आणि वर ताणाचं बोलता?' हे मला माझ्याच चाळीतल्या शेजाऱ्यांनी ऐकवलं आहे. कायम नोकरीतल्या अनुदानित शिक्षकाचा पगार चांगला आहे, हे मी नाकारणार नाही. पण त्याच स्टाफरूममध्ये, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शिक्षणसेवक बसलेला असतो. त्याला तीन वर्षं मानधन. २०२३ मध्ये वाढ झाल्यावर ते प्राथमिकला १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार झालं. त्याआधी तर त्याच्या निम्म्याहूनही कमी होतं. अठरा हजारांत मुंबईत खोली मिळत नाही, म्हणून तो बदलापूरहून पहाटेची गाडी पकडतो. त्याच्या शेजारी घड्याळी तासिका तत्त्वावरचा, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे मिळणारा, ज्याला मे महिन्याची सुट्टी म्हणजे बिनपगारी महिना. अंशतः अनुदानित शाळांतले शिक्षक जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात भर पावसात अनुदानाचा पुढचा टप्पा मागत बसले होते, हे ज्यांनी पाहिलं ते 'शिक्षकांचा पगार' असा एकवचनी शब्द वापरणार नाहीत. खासगी इंग्रजी शाळांतली परिस्थिती आणखी वेगळी. तिथे वर्गात कॅमेरा, आणि रात्री दहाला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'टीचर, उद्याचा होमवर्क कन्फर्म करा ना प्लीज'.

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी. शिक्षकाची पात्रता तपासू नये असं मी म्हणणार नाही. मुलांना चुकीचं शिकवणारे लोक मी पाहिले आहेत. पण पन्नाशीच्या बाई ऑफ तासाला टीईटीचं गाइड उघडून बसतात, आणि त्यांच्याच वर्गातली मुलं पलीकडे प्रॉक्सीच्या तासाला गोंगाट करत असतात, तेव्हा या व्यवस्थेने नेमकं काय मिळवलं ते मला सांगता येत नाही.

मुलांकडे वळते. एनसीईआरटीने (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने) २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही आपल्या चिंतेची कारणं आहेत, असं ८१ टक्के मुलांनी सांगितलं. आकडा ऐकून कुणी दचकलं नाही, कारण घरोघरी तो माहीत होता. पण मुंबईतल्या मुलाच्या ताणात आणखी काही गोष्टी मिसळलेल्या असतात, ज्या अशा पाहणीत दिसत नाहीत. इथल्या कित्येक शाळा दोन अधिवेशनांत भरतात, कारण इमारत एक आणि वर्ग दुप्पट. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने सांगितलं, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, मुलांची झोप होत नाही. हेतू उत्तम. पण सकाळचं अधिवेशन नऊला सुरू केलं तर दुपारचं सुटणार कधी? संध्याकाळी सातला? शिवाय स्कूलबसच्या फेऱ्या, त्याच बसने जाणारी मोठी मुलं. म्हणजे झोपेचा प्रश्न शेवटी खोल्यांचा आणि जागेचा निघतो, आणि जागेचा प्रश्न या शहरात कुणी सोडवत नाही.

याच जागेच्या प्रश्नाची दुसरी तऱ्हा मी वर्गात रोज बघते. घर पुनर्विकासात गेलं, बिल्डरच्या भाड्यात जवळपास खोली मिळेना, म्हणून कुटुंब विरारला किंवा टिटवाळ्याला. मुलाची शाळा मात्र जुनीच, कारण 'दोन वर्षांत परत येणारच आहोत'. ती दोन वर्षं कधीच दोन वर्षं नसतात. आठवीतला असा एक मुलगा पाचव्या तासाला हमखास पेंगतो. डोकं वहीवर टेकतं, दचकून उठतं, पेन पुन्हा फिरायला लागतं, आणि ओळ खाली उतरत उतरत समासाच्या बाहेर जाते. त्याला उठवायचं की झोपू द्यायचं, हा अध्यापनशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात नसलेला प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा पडतो. मी बहुधा झोपू देते. सहकारी म्हणतात, लाडावून ठेवलंय.

हा मुलगा शाळा सुटल्यावर क्लासला जातो. क्लासचं आपल्याला काहीच वाटेनासं झालं आहे, इतका तो सवयीचा झाला. आठवीपासून 'फाउंडेशन', दहावीनंतर 'इंटिग्रेटेड', म्हणजे कॉलेज कागदावर आणि शिकवणं क्लासमध्ये. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये काढली. त्यानंतर दादरपासून ठाण्यापर्यंत एखादा आठवी-नववीचा फलक उतरलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. परिणाम असा, की मूल तेच प्रकरण दोनदा शिकतं, एकदा आमच्याकडे हजेरीसाठी आणि एकदा तिकडे मार्कांसाठी, आणि दोन्हीकडे गृहपाठ वेगळा. मुलाचा कामाचा दिवस मोजला तर तो त्याच्या बापाच्या ड्युटीपेक्षा मोठा निघेल. यात पालकांची हौस किती आणि भीती किती, हे वेगळं काढता येत नाही. शाळेत शिकवलं जात नाही म्हणून क्लास, आणि क्लास आहे म्हणून शाळेत कुणी लक्ष देत नाही. आम्ही शिक्षकही या व्यवहारातले साक्षीदार नाही, भागीदार आहोत. वर्गात 'हे क्लासला झालंय ना? मग पुढे जाऊ' असं म्हणणारे आमच्यातच आहेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला होता. यातल्या प्रत्येक मृत्यूचं खापर परीक्षेवर फोडणं चूक ठरेल. घर, पैसा, नाती, आजार, कितीतरी गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पण अशा मुलाच्या आसपास रोज सहा तास वावरणारी मोठी माणसं म्हणजे आम्ही, आणि त्याच्या वागण्यातला फरक टिपायला लागतो तो मोकळा वेळच आमच्याकडे नसतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. हवाच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही प्रत्येक वर्गात लावायला हवा. पण समुपदेशकाकडे मूल आपल्या पायांनी सहसा जात नाही, त्याला कुणीतरी पाठवावं लागतं. 'तू जरा जाऊन ये त्यांच्याकडे' असं म्हणायला आधी कुणीतरी त्याच्याकडे बघितलेलं असावं लागतं.

ताण शाळेत वरून खाली कसा उतरतो, याचा एक नमुना दाखवते. काही शाळांना शंभर टक्के निकालाचा बॅनर लावायचा असतो. संस्थेचा दबाव मुख्याध्यापकावर, मुख्याध्यापकाचा विषयशिक्षकावर. विषयशिक्षकाकडे कच्च्या मुलांसाठी वेळ नाही, कारण जादा तास घ्यायचे तेव्हा तो मतदारयाद्या घेऊन सोसायट्यांच्या जिन्यांवर होता. मग नववीच्या शेवटी कच्च्या मुलाच्या आईला बोलावून गोड शब्दांत सांगितलं जातं, 'याला झेपणार नाही ताई, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसू द्या.' आई धुणीभांडी करते. सतरा नंबर म्हणजे शाळेत न येता खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याचा अर्ज, हे तिला कळत नाही, मॅडम सांगतात म्हणजे बरोबरच असणार असं तिला वाटतं. पोरगं शाळेबाहेर जातं आणि बॅनर लागतो. या साखळीत कुणीही राक्षस नाही. प्रत्येकाने फक्त आपल्यावरचं ओझं आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाकडे सरकवलं.

म्हणून मला मागण्यांची लांबलचक यादी द्यायची नाही. शिक्षण विभागाने एक साधी गोष्ट करावी: वर्षभरात शाळांकडून मागितली जाणारी प्रत्येक माहिती, प्रत्येक उपक्रम, प्रत्येक दिन आणि सप्ताह एका कागदावर मांडून जूनमध्ये जाहीर करावा, प्रत्येकापुढे लागणारे तास लिहावेत आणि बेरीज करावी. ती बेरीज छापायचंच धाडस कुणी करणार नाही, अशी मला शंका आहे. केलंच, तर नियम असा हवा, की वर्षाच्या मध्ये नवं काही आलं तर त्या यादीतलं तितक्याच तासांचं जुनं काहीतरी जाईल. पोर्टलचं काम लिपिकाकडे, आणि लिपिकाचं पद रिकामं असेल तर ते भरेपर्यंत शाळेला मुदतवाढ. आधार न जुळलेल्या पण वर्गात बसलेल्या मुलाची खात्री केंद्रप्रमुखाने, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने, शाळेत येऊन डोकी मोजून करावी. त्याला एक सकाळ लागेल. दिवसातला एक ऑफ तास प्रॉक्सीतून कायमचा वगळावा. यातल्या कशालाही फार मोठं अंदाजपत्रक लागत नाही. लागते ती 'नको' म्हणायची तयारी, आणि ती मंत्रालयात सगळ्यांत महाग आहे.

परीक्षांच्या तारखांनाही हेच लागू आहे. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या आणि निकाल १ मे रोजीच द्यायला सांगितला. मधल्या चार-पाच दिवसांत शेकडो पेपर तपासून, नोंदी करून, प्रगतिपुस्तकं लिहून व्हायची होती. मुलाने वर्षभर केलेल्या अभ्यासाला आम्ही किती सेकंद दिले असतील, ते पालकांनी विचारू नये.

आमच्या संघटनांनाही थोडं बोलायला हवं. वेतन, पेन्शन, बदल्या यांवर मोर्चे निघतात आणि ते निघायलाच हवेत. पण एका वर्गात किती मुलं असावीत, यासाठी शेवटचा मोर्चा कधी निघाला? शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत तीस मुलांमागे आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय. नववी-दहावीच्या वर्गात साठ डोकी बसलेली आम्ही मुकाट्याने चालवून घेतो. पालक-शिक्षक संघाच्या सभेत पालक विचारतात, 'यंदा नवीन काय सुरू करताय?' रोबोटिक्स, अबॅकस, ऑलिम्पियाड. 'यंदा काय बंद केलंत?' असं एखाद्याने विचारलं तर मी त्यांना चहा पाजीन, माझ्या ऑफ तासात.

तूर्त एक परीक्षा समोर आहे, आणि ती मुलांची नाही. २०२७च्या जनगणनेची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे. बारावी आणि दहावीच्या बोर्डाच्या परीक्षा नेमक्या त्याच सुमाराला सुरू होतात. आधी प्रात्यक्षिकं आणि तोंडी परीक्षा, मग पर्यवेक्षण, मग पेपर तपासणी, आणि त्याच शिक्षकांच्या हातात प्रगणकाचं काम. जनगणनेला कायद्यानेच सूट आहे, त्यामुळे 'आम्हाला देऊ नका' म्हणता येणार नाही आणि म्हणूही नये. पण ही तारीख काही अचानक उगवलेली नाही. दहावी-बारावीला शिकवणारे आणि बोर्डाच्या कामावर असणारे शिक्षक मोजणीतून वगळण्याची यादी महापालिका आणि शिक्षण उपसंचालक कार्यालय यांनी दिवाळीच्या सुट्टीआधी जाहीर करावी. प्रगणक म्हणून कुणाला घ्यायचं, त्याची नावंही तेव्हाच द्यावीत. नाहीतर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी, 'अत्यंत तातडीचे' असा शिक्का मारलेलं पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर येईल आणि सोमवारी दहावी अ च्या वर्गावर कोण जाणार, हे पर्यवेक्षक पुन्हा प्रॉक्सीच्या वहीत शोधत बसतील.